देवदेवतांच्या जुन्या युरोपीय पोर्सेलीन पुतळ्या : पारख, खरेदी आणि देखभाल

पोर्सेलीनची जुनी पुतळी हाती आली, की नवखा संग्राहक बहुधा ती लगेच उलटी करतो आणि तळाची खूण शोधू लागतो. खूण हा सर्वांत सहज नकलता येणारा पुरावा असल्यामुळे तो सर्वांत शेवटी तपासावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याआधी पुतळी कोणाची आहे, ती कोणत्या मातीची आहे, कशी घडवली आहे आणि तिच्यात नंतर किती जोडकाम झाले आहे, हे पाहून घ्यावे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. १८व्या शतकातील युरोपीय कारखान्यांनी घडवलेल्या ग्रीक-रोमन देवदेवतांच्या पुतळ्या आणि त्यांच्या १९व्या शतकातील आवृत्त्या, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पायरी १ : या पुतळ्या कशासाठी घडल्या ते जाणून घ्या

युरोपात खऱ्या अर्थाने कठीण पोर्सेलीन प्रथम तयार झाले ते जर्मनीतील सॅक्सनीत. चिर्नहाउस आणि ब्योटगर यांच्या प्रयोगांना १७०८-०९ च्या सुमारास यश आले आणि १७१० साली माइसेनच्या किल्ल्यात राजाश्रयाने कारखाना सुरू झाला. १७३१ साली योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार तेथे रुजू झाला आणि १७७५ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. त्याच्या आणि योहान फ्रीडरिश एबरलाइनसारख्या त्याच्या सहकाऱ्यांच्या हातून देवदेवतांचे जे नमुने उतरले, त्यांचेच अनुकरण पुढे जवळजवळ सगळ्या युरोपाने केले.

त्या काळी राजेरजवाड्यांच्या मेजवानीत शेवटच्या गोड पदार्थांच्या वेळी मेजावर साखरेच्या लगद्यातून घडवलेली देवळे, कारंजी आणि देवता मांडण्याची रीत होती. पोर्सेलीनच्या पुतळ्यांनी हळूहळू या साखरेच्या देखाव्यांची जागा घेतली. पुतळी पारखताना हा इतिहास प्रत्यक्ष उपयोगी पडतो. मेजाच्या चहूबाजूंनी पाहुणे बसत असल्यामुळे १८व्या शतकातील चांगली पुतळी पाठीमागूनही तितकीच काळजीपूर्वक घडवलेली आणि रंगवलेली असते, तर नंतरच्या काळात कपाटात किंवा भिंतीलगत ठेवण्यासाठी काढलेल्या अनेक स्वस्त पुतळ्यांची पाठ सपाट आणि रंगाविना सोडलेली आढळते. या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. इंग्लंडमधील चेल्सी, बो आणि डर्बी या कारखान्यांनी १७६० च्या दशकात पुतळीमागे पानाफुलांची दाट कमान उभारण्याची पद्धत आणली. त्या पुतळ्या समोरूनच पाहायच्या असल्याने त्यांची पाठ साधी असणे स्वाभाविक आहे.

पायरी २ : देवता ओळखा

आपल्याकडे शंख, चक्र, गदा, पद्म पाहून विष्णू ओळखतात, त्याच रीतीने येथेही आयुध, वाहन आणि सोबतचा प्राणी यांवरून ओळख पटते. गरुड आणि वज्र असेल तर ज्युपिटर. मोर दिसला की मराठी वाचकाच्या मनात सरस्वती किंवा कार्तिकेय येतो, पण येथे मोर ज्युपिटरच्या पत्नीचा, जूनोचा असतो. त्रिशूळ आणि डॉल्फिन नेपच्यूनचे; पंख लावलेली टोपी आणि दोन सर्प गुंडाळलेला दंड मर्क्युरीचा; शिरस्त्राण, घुबड आणि मेडूसाचे मुख कोरलेली ढाल मिनर्व्हाची. कपाळावर चंद्रकोर, हाती धनुष्य आणि पायाशी शिकारी कुत्रा असेल तर डायना. वीणेसारखे लायर आणि तमालपत्रांचा मुकुट असेल तर अपोलो. कबुतरे, शिंपला किंवा सफरचंद यांसह, बहुधा छोट्या क्यूपिडसोबत दिसते ती व्हीनस. द्राक्षांचे घोस आणि प्याला बॅकसचा, गव्हाची पेंढी आणि विळा सेरेसचा, ऐरण आणि हातोडा व्हल्कनचा. दाढी, पंख, मोठा कोयता आणि वाळूचे घड्याळ असलेला वृद्ध म्हणजे काळाचे रूप असलेला क्रोनोस, अर्थात सॅटर्न.

दोन किंवा अधिक आकृत्यांचा समूह असेल तर तो बहुधा कथेतील एखादा प्रसंग असतो आणि त्यांतील पुष्कळ कथा रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्यातून आलेल्या आहेत. बैलावर बसलेली युरोपा, हंसासह लीडा, बोटांतून पालवी फुटू लागलेली डॅफ्नी आणि तिच्यामागे धावणारा अपोलो, प्रोसर्पिनाला उचलून नेणारा प्लूटो हे प्रसंग वारंवार भेटतात. एवढ्या कथा वाचून ठेवल्या तरी नवख्याचे निम्मे काम होते.

ओळखताना पुतळीचे हात फार बारकाईने पाहावेत. त्रिशूळ, धनुष्य, बाण, दंड हे भाग सर्वांत आधी तुटतात आणि डागडुजी करणारा कारागीर त्या जागी अंदाजाने भलतेच काही बसवतो. पायाशी डॉल्फिन आहे, दाढी वाऱ्यावर उडते आहे, उजवा हात वर उचललेला आहे आणि मुठीत मात्र फुलांचा गुच्छ आहे, अशी पुतळी दिसली तर तो नेपच्यून आहे आणि गुच्छ नंतर बसवलेला आहे, असे निःशंकपणे समजावे. मूठ आरपार पोकळ असेल तर तेथे मूळचे आयुध स्वतंत्रपणे, कधी धातूचे, बसवलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी रिकामी मूठ हा दोष असला तरी खोटेपणा ठरत नाही, आणि माझ्या मते चुकीचे आयुध बसवलेल्या पुतळीपेक्षा रिकाम्या हाताची पुतळी केव्हाही चांगली.

पायरी ३ : ती संचातील आहे का ते पाहा

देवतांच्या पुतळ्या अनेकदा चारच्या संचात घडत असत. चार ऋतूंच्या संचात वसंतासाठी फ्लोरा, उन्हाळ्यासाठी सेरेस, शरदासाठी बॅकस आणि हिवाळ्यासाठी सॅटर्न किंवा शेकोटीजवळचा वृद्ध येतो. चार महाभूतांच्या संचात पाण्यासाठी नेपच्यून, अग्नीसाठी व्हल्कन, वायूसाठी बहुधा जूनो, आणि पृथ्वीसाठी सेरेस किंवा सिबेली असते. एकटी पुतळी घेण्यात काहीच गैर नाही. पण विक्रेता चारही पुतळ्या ‘मूळ संच’ म्हणून दाखवत असेल तर बैठकींची उंची, सोनेरी कामाची छटा आणि डोळे रंगवण्याची पद्धत चौघींत जुळते का, हे ताडून पाहावे. निरनिराळ्या काळांतील नग जमवून केलेले संच बाजारात बरेच असतात.

पायरी ४ : माती पारखा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण मातीची नक्कल करणे खुणेच्या नकलेपेक्षा पुष्कळ अवघड असते. जुन्या युरोपीय पोर्सेलीनचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. कठीण पोर्सेलीनमध्ये काओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पारसारखा वितळणारा खनिज पदार्थ असतो, आणि ते सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला भाजले जाते. माइसेन, व्हिएन्ना, न्युम्फेनबुर्ग, फ्रांकेनथाल, बर्लिन हे जर्मनभाषक प्रदेशातील कारखाने या प्रकारातले आहेत. काओलिन हाती नसलेल्या कारखान्यांनी काचेचा चुरा व इतर द्रव्ये मिसळून कमी तापमानाला भाजले जाणारे मृदू पोर्सेलीन बनवले. फ्रान्समधील व्हँसेन आणि सुरुवातीच्या काळातील सेव्र, इटलीतील कापोदिमोंते, इंग्लंडमधील चेल्सी आणि डर्बी ही त्याची उदाहरणे होत. बो येथे तर मातीत जनावरांच्या हाडांची राख घालत. फ्रान्समध्ये लिमोजजवळ सँ-इरिए येथे १७६८ साली काओलिन सापडल्यानंतर सेव्रमध्येही कठीण पोर्सेलीन बनू लागले.

पुतळीच्या तळाचा झिलई नसलेला भाग दिवसाच्या उजेडात, शक्य तर दहापट भिंगातून पाहावा. कठीण पोर्सेलीन तेथे घट्ट, थंड आणि पांढरे ते किंचित राखाडी दिसते. टवका उडालेली जागा काचेसारखी चकचकीत असते. मृदू पोर्सेलीनची तुटलेली कड साखरेच्या खड्यासारखी रवाळ असते आणि रंगात दुधाळ पिवळसर झाक असते. त्याची झिलई कपड्यांच्या चुण्यांत आणि बोटांच्या बेचक्यांत साचून जाड होते, आणि वरचे रंग तिच्यात किंचित मुरलेले दिसतात. कठीण पोर्सेलीनवरचे रंग मात्र झिलईच्या वर बसतात. नखाने हळूच चाचपले तर कधीकधी त्यांची जाडीही जाणवते.

पॅरिसमध्ये १८४५ साली सुरू झालेल्या सॅमसन यांच्या कारखान्याने माइसेनपासून चेल्सीपर्यंत अनेक कारखान्यांच्या नकला काढल्या. इंग्रजी पुतळ्यांच्या नकलाही त्यांनी कठीण पोर्सेलीनमध्येच केल्या. म्हणून सोनेरी नांगराची (जहाजाच्या नांगराची) खूण असलेली ‘चेल्सी’ची व्हीनस राखाडी झाक असलेल्या, काचेसारख्या तुटणाऱ्या मातीची निघाली, तर खूण काहीही सांगो, ती चेल्सीची नव्हे.

झिलईविना, रंगाविना भाजलेल्या पांढऱ्या पुतळ्यांना बिस्किट म्हणतात. हा प्रकार १७५० च्या दशकाच्या प्रारंभी व्हँसेनमध्ये रूढ झाला आणि कारखाना सेव्रला गेल्यावर बहरला. शिल्पकार फाल्कोने १७५७ ते १७६६ या काळात तेथील शिल्पविभागाचा प्रमुख होता. त्याचा ओठांवर बोट ठेवलेला क्यूपिड आणि पिग्मॅलियन-गॅलाटियाचा समूह बिस्किटमध्ये इतक्या वेळा पुन्हा काढले गेले, की आज दिसणारे बहुसंख्य नग खूप नंतरचे असतात.

पायरी ५ : घडण आणि माप तपासा

शिल्पकाराने केलेल्या मूळ नमुन्याचे तुकडे करून प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा काढत. माइसेनमध्ये या साच्यांत माती हाताने दाबून भरत आणि मग वेगळा कारागीर धड, हात, डोके, आयुध हे भाग पातळ मातीने जोडून बारकावे पुन्हा कोरून काढी. म्हणून पोकळ पुतळीच्या आत बोटांनी दाबल्याच्या खुणा आणि असमान जाडी आढळली, तर ती दाबून घडवलेली आहे. डर्बी आणि चेल्सी येथे साच्यात पातळ माती ओतत असत. अशा पुतळीची आतली बाजू गुळगुळीत असून बाहेरच्या चढउतारांना धरून चालते. १९व्या-२०व्या शतकांतील स्वस्त पुतळ्याही ओतीवच असतात, पण त्यांत कोरून काढण्याचे काम टाळलेले असते. व्हीनसच्या हाताची बोटे पाहिली तर हा फरक लगेच कळतो: चांगल्या कामात प्रत्येक बोट सुटे, पेर आणि नख दाखवणारे असते, हलक्या कामात चारही बोटे एकत्र चिकटलेली असून त्यांमध्ये नुसती रेघ ओढलेली असते.

भाजताना कठीण पोर्सेलीन सुमारे एक-षष्ठांश आकसते. ही गोष्ट नक्कल पकडायला अतिशय उपयोगी आहे. नक्कल करणारा तयार पुतळीवरूनच साचा काढतो, त्यामुळे २४ सेंटिमीटर उंचीच्या मूळ पुतळीची नक्कल भाजून निघाल्यावर २० सेंटिमीटरच्या आसपास राहते. मोठ्या संग्रहालयांच्या संग्रहसूचीत उंची दिलेली असते. त्याच नमुन्याची पुतळी शोधून माप जुळवावे. थोडाफार फरक भट्टीगणिक पडतोच, पण उंची सहाव्या हिश्श्याने कमी भरत असेल तर सावध व्हावे. उलट माप जुळले म्हणून पुतळी १८व्या शतकातीलच आहे, असे मात्र ठरत नाही, कारण माइसेनने स्वतःचे जुने नमुने १९व्या शतकात आणि त्यानंतरही पुन्हा पुन्हा काढले आहेत.

बैठकीवरून काळाचा अंदाज येतो. १७४० च्या सुमाराची माइसेन बैठक बहुधा साध्या मातीच्या ढिगासारखी असून तिच्यावर सुटी पाने-फुले चिकटवलेली असतात; शतकाच्या मध्यावर वळणदार रोकोको वेलबुट्टी येते, आणि १७७० नंतर ग्रीक-रोमन धाटणीच्या सरळ, गोल किंवा चौकोनी बैठकी वाढतात. बैठकीतील भट्टीच्या भेगा पाहून घाबरू नये. भेगेच्या कडा गोलसर असून झिलई आत उतरलेली असेल तर ती भाजतानाच पडलेली आहे. डर्बीच्या पुतळ्यांच्या तळाशी तीन-चार गोल काळसर डाग असतात. भट्टीत पुतळी मातीच्या गोळ्यांवर टेकवल्यामुळे ते पडलेले असून ते ओळखीची चांगली खूणच आहेत.

पायरी ६ : रंग पाहा

१८व्या शतकातील माइसेनमध्ये अंगाचा बराचसा भाग पांढराच सोडून गाल, ओठ, गुडघे यांवर तेवढी लाली देत आणि केस बारीक, सुट्या रेघांनी रंगवत. १९व्या शतकात सगळ्या अंगाला गुलाबी छटा, फिक्या रंगांची वस्त्रे आणि भरपूर सोनेरी काम दिसते. जुन्या नगांवरचे सोने उंचवट्यांवर झिजलेले असते. ते खोबणींत आणि उंचवट्यांवर सारखेच लखलखत असेल तर त्याचे कारण शोधावे.

पायरी ७ : आता खूण पाहा

माइसेनची खूण म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. त्या झिलईखाली असतात. बोटाला किंवा भिंगाला त्या झिलईवर काढलेल्या वाटल्या तर संशय घ्यावा. १७६३ ते १७७४ या काळात तलवारींच्या मुठींमध्ये ठिपका आणि १७७४ ते १८१४ या काळात तारा आढळतो. मुठींच्या टोकांना गोंडे असलेल्या तलवारी १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९२४ पर्यंतच्या. तलवारींवर आडवे चरे कापलेले असतील, तर कारखान्याने तो नग दुय्यम ठरवून किंवा न रंगवता विकला, असे समजावे. याउलट केंडलरच्या काळातील अनेक अस्सल पुतळ्यांवर खूणच नाही, किंवा ती बैठकीच्या मागच्या कडेला अगदी लहान काढलेली आहे. खूण नाही म्हणून चांगली पुतळी सोडून देणे हे मोठे नुकसान ठरते.

चेल्सीचा १७५२ ते १७५६ काळातील लाल नांगर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा असतो आणि आडजागी लपलेला असतो. तळाच्या मध्यभागी ठळक काढलेला मोठा नांगर बहुधा नकलेचा. व्हिएन्नाची ढालीची खूण उलटी धरली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते, म्हणून बाजारात तिला तेच नाव पडले आहे. हा कारखाना १८६४ साली बंद झाला, पण खूण नंतर अनेकांनी वापरली. मुकुटाखाली ‘एन’ हे अक्षर दाखवून पुतळी ‘कापोदिमोंते’ची म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात कापोदिमोंतेचा कारखाना १७४३ ते १७५९ एवढाच चालला, त्याची खूण कमळासारखे राजचिन्ह ही होती, आणि मुकुटाखालचे ‘एन’ नंतरच्या नेपल्स कारखान्याचे असून १९व्या शतकात इतरांनी ते सर्रास उचलले. खुणेशेजारी देशाचे नाव इंग्रजीत असेल तर नग बहुधा १८९१ नंतरचा असतो, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव असणे बंधनकारक झाले.

पायरी ८ : जोडकाम शोधा

मान, मनगटे, घोटे, बोटे आणि आयुधे येथे तुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. पोर्सेलीन स्पर्शाला थंड आणि कठीण लागते, राळेचे जोडकाम किंचित उबदार आणि मऊ. अंधाऱ्या खोलीत दीर्घ लहरींचा अतिनील दिवा फिरवला तर नव्या रंगाचे आणि राळेचे भाग बहुधा आजूबाजूपेक्षा वेगळे उजळतात किंवा काळवंडतात. काही विक्रेते सुई टोचून पाहतात. तसे कधीही करू नये, कारण चांगल्या जोडकामालाही त्याने ओरखडा पडतो. दोन बोटे किंवा काही पाकळ्या नव्याने बसवलेल्या असणे जुन्या पुतळीत क्षम्य आहे. डोके दुसऱ्याच पुतळीचे असणे क्षम्य नाही, म्हणून मानेभोवतीचा सांधा आणि डोक्याचे व धडाचे पांढरेपण एकमेकांशी ताडून पाहावे.

पायरी ९ : डोळा तयार करा, मगच पैसे द्या

छायाचित्रांवरून मातीचा रंग कळत नाही. शक्य असेल तेव्हा अस्सल नग प्रत्यक्ष पाहावेत. ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यातील पोर्सेलीन संग्रह, लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि शिल्पकार बुस्टेल्लीच्या न्युम्फेनबुर्ग पुतळ्यांसाठी म्युनिकचे बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालय ही पाहण्याची उत्तम ठिकाणे होत. त्या शहरांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी ही संधी सोडू नये. महाराष्ट्रातून जवळ म्हणजे हैदराबादचे सालारजंग संग्रहालय. तेथे युरोपीय पोर्सेलीनचे मोठे दालन आहे. मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवरच्या दुकानांत अशा पुतळ्या येतात, पण तेथील ‘ड्रेस्डेन’ हा शब्द सैल अर्थाने वापरलेला असतो. ड्रेस्डेन शहरातील आणि थुरिंगियातील अनेक स्वतंत्र कारखान्यांनी १९व्या शतकात माइसेनच्या धाटणीचा माल काढला. तो सुंदर असू शकतो, पण त्याला माइसेनचा भाव देऊ नये.

पहिली खरेदी म्हणून मी १९व्या शतकातील, स्पष्ट खुणेची, थोडी तुटफूट असलेली माइसेन पुतळी सुचवेन. तिच्यावर कोरलेला नमुनाक्रमांक आणि ठशाने उमटवलेला लहान आकडा असतो, त्यामुळे नमुना शोधणे सोपे जाते, आणि मातीची सवय हाताला लागते. पावतीवर कारखाना, अंदाजे काळ, उंची आणि माहीत असलेली सर्व डागडुजी लिहून घ्यावी; ‘जुन्या पद्धतीची’ किंवा ‘माइसेन धाटणीची’ हे शब्द पावतीवर आले तर विक्रेता अस्सलपणाची हमी देत नाही, हे ध्यानात घ्यावे. १०० वर्षांहून जुनी वस्तू भारताबाहेर न्यायची असेल तर १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा आड येऊ शकतो, म्हणून आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी.

पायरी १० : घरी सांभाळताना

पुतळी नेहमी एक हात बैठकीखाली आणि दुसरा धडाला आधार देत उचलावी. उगारलेला हात, पंख किंवा झाडाचा बुंधा धरून कधीही उचलू नये. सुती हातमोजे पाकळ्यांत अडकतात आणि निसटतात, म्हणून स्वच्छ, कोरडे हातच बरे. बिस्किट पुतळीला मात्र हाताचे तेल लागून कायमचे डाग पडतात, तेव्हा तेथे पातळ नायट्राइल मोजे घालावेत. धूळ मऊ केसांच्या ब्रशने वरून खाली झटकावी. पाण्यात बुडवू नये: जुना सरस आणि राळ सुटते, तळाच्या छिद्रातून पाणी आत शिरते, आणि सोने धुपते. कोकणपट्टीच्या दमट पावसाळ्यात जुने सरसाचे सांधे सैल पडतात आणि आत घातलेल्या लोखंडी खिळ्या गंजून तपकिरी डाग वर येतात, म्हणून त्या दिवसांत महिन्यातून एकदा मान आणि मनगटे भिंगाखाली पाहावीत. गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नये, कारण शाई बिस्किटवर उतरते. आम्लविरहित पातळ कागदाच्या सुरळ्या आधी हात, पंख आणि आयुधांच्या मधल्या पोकळ्यांत भराव्यात, मग संपूर्ण पुतळी गुंडाळून एका खोक्यात आणि ते खोके चहूबाजूंनी भरण घालून दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवावे.